घोडमाशीचं पोट उघडून अंडी कशी वाचायची: पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

मी पहिली घोडमाशी उघडली तेव्हा वाटलेलं की आत अंडी दिसतील नाहीतर नाही दिसणार, विषय संपला. प्रत्यक्षात मायक्रोस्कोपखाली पांढरट काला दिसला, चरबीचे गोळे, फुटलेलं आतडं, आणि त्यात अंडाशय कुठलं हे शोधण्यातच अर्धा तास गेला. पुढे साठेक माश्या उघडून झाल्यावर मोठ्या उत्साहाने रिझल्ट लिहिला की सगळ्यांनी आधी अंडी घातलेली आहेत म्हणजे सगळ्याच म्हाताऱ्या आहेत, आणि तो निष्कर्ष सपशेल चुकीचा निघाला. का चुकला ते सातव्या पायरीत सांगते, पण नुसती ती पायरी वाचून पळू नका, कारण चूक सुरीची नव्हतीच, माशी चक्राच्या कुठल्या टप्प्यावर असताना माझ्या हातात आली हे मी विचारलंच नव्हतं.

घोडमाशी म्हणजे इथे टॅबॅनिडी कुळातल्या सगळ्या, कुणी डांस म्हणतं कुणी गोमाशी. तीन नावं लक्षात ठेवा, टॅबॅनस, क्रायसॉप्स आणि हिमॅटोपोटा, नव्याने सुरू करणाऱ्यांच्या हातात बहुतेक वेळा यातलीच एक येते.

१. सुरीला हात लावायच्या आधी चक्र डोक्यात बसवा

रक्त फक्त मादी पिते. नर फुलांच्या रसावर जगतो, त्याला कातडी कापायची पातीच नसतात. मादीलाही उडायला ताकद लागते ती साखरेतूनच मिळते, रक्त तिला हवं असतं ते अंड्यांसाठी, त्यातल्या प्रोटीनसाठी. पोटातही दोघांची सोय वेगळी असते, गोड रस बाजूच्या पिशवीत म्हणजे क्रॉपमध्ये साठतो आणि रक्त सरळ मधल्या आतड्यात जातं. त्यामुळे पोट उघडल्यावर पारदर्शक फुगा दिसला तर तो अंडाशय नाही, तो क्रॉप आहे. मी त्यालाच दोनदा फसलेय.

आता क्रम बघा. मादी कोषातून बाहेर पडते, बहुतेक पहिल्या काही दिवसांतच तिचं मीलन होतं, मग जनावर शोधते, रक्त पिते, कुठेतरी सावलीत गप बसून ते पचवते, त्या काळात अंडी भरत जातात, मग पाण्याच्या किंवा ओल्या चिखलाच्या वरच्या पानावर ती घालते, आणि पुन्हा जनावर शोधायला निघते. रक्त ते अंडी आणि अंडी ते पुन्हा रक्त, ह्या एका फेरीला गोनोट्रॉफिक सायकल म्हणतात. एका फेरीला साधारण आठवडा धरा, ऊन जास्त असेल तर लवकर आटपतं, गारठा असेल तर लांबतं. मादी काही आठवडेच जगते त्यामुळे बहुतेकींच्या वाट्याला एक किंवा दोन फेऱ्या येतात, तिसरी फेरी बघणारी माशी नशीबवान.

आत काय चालतं तेही थोडक्यात, कारण स्टेज वाचताना लागेल. अंडाशय दोन. प्रत्येकात ओव्हरिओल नावाच्या बारीक नळ्या, द्राक्षाच्या घडासारख्या एकत्र बांधलेल्या, मोठ्या जातींत दोन्ही मिळून काहीशे. प्रत्येक ओव्हरिओलमध्ये फॉलिकल, म्हणजे ज्यात एकेक अंडं तयार होतं त्या बारीक पिशव्या, एकामागे एक रांगेत उभे. त्यातला सगळ्यात पुढचा, म्हणजे बाहेर जायच्या वाटेजवळचा फॉलिकल ह्या फेरीत अंडं होणार, त्याच्यामागचा पुढच्या फेरीची वाट बघत बसणार. म्हणजे एका ओव्हरिओलमधून एका फेरीत जास्तीत जास्त एकच अंडं, आणि सगळे पुढचे फॉलिकल जवळपास एकाच वेगाने वाढतात. हे एवढं एक वाक्य पक्कं केलंत तर अर्ध्या चुका टळतील.

कोवळ्या मादीत हे फॉलिकल थोडे वाढतात आणि थांबतात, रक्त मिळेपर्यंत तिथेच अडून राहतात. रक्त मिळालं की गाडी पुढे सरकते. डासांत हा मार्ग नीट शोधलेला आहे, रक्तामुळे मेंदूकडून हॉर्मोन सुटतं, त्याने अंडाशयातून एक्डायसोन निघतं, त्याचा इशारा चरबीच्या पेशींना जातो, त्या पेशी व्हिटेलोजेनिन हे बलकाचं प्रोटीन बनवून माशीच्या रक्तात सोडतात आणि वाढणारं अंडं ते शोषून घेतं. म्हणून चरबी हा फालतू कचरा समजून बाजूला ढकलू नका, किती आहे आणि कशी आहे हे पण लिहायचं असतं.

अजून एक. घोडमाशीचा चावा भयंकर दुखतो, जनावर शेपूट मारतं, कातडी थरथरवतं, आणि माशी अर्धवट पोटाने उडून दुसऱ्या जनावरावर जाते. त्यामुळे एक पूर्ण जेवण ती कधीकधी तीनचार हप्त्यांत करते. रक्त कमी पडलं तर काही फॉलिकल मध्येच वाढ सोडून विरघळतात, फारच कमी पडलं तर एकही अंडं पिकत नाही. हे विरघळणं पुढे तुमच्या निकालात घोळ घालणार आहे.

२. सामान

फार काही लागत नाही पण जे लागतं ते नसेल तर बसूच नका:

- स्टिरिओ मायक्रोस्कोप, १० ते ४० पट पुरे
- साधा कंपाउंड मायक्रोस्कोप, १०० ते ४०० पट, फॉलिकल आणि देठ बघायला
- बारीक टोकाच्या दोन चिमट्या, टोकं एकमेकांवर तंतोतंत बसणाऱ्या
- काडीच्या टोकाला बसवलेल्या किडे टोचायच्या बारीक पिना, निदान दोन
- छोटी कात्री, टॅबॅनसचं कवच चिवट असतं, सुईने फाडायला गेलात तर आतलं सगळं पिळवटून निघतं
- स्लाइड, कव्हरस्लिप, शक्य असेल तर मधे खळगा असलेल्या स्लाइड
- ०.८५ ते ०.९ टक्के मिठाचं सलाइन, ताजं
- डिस्टिल्ड वॉटर, वेगळ्या बाटलीत आणि बाटलीवर मोठ्ठं लेबल, कारण दोन्ही पाण्यासारखेच दिसतात आणि अदलाबदल झाली की दिवस वाया
- न्यूट्रल रेड ह्या रंगाचा अगदी फिकट द्राव, असला तर उत्तम
- ग्लोव्हज, पेन्सिल, वही. पेनाची शाई सलाइनने पसरते, अनुभव आहे.

रक्त प्यायलेल्या माशीच्या पोटात कुठल्या जनावराचं काय आहे हे आपल्याला माहीत नसतं, त्यामुळे ग्लोव्हजचा कंटाळा करू नका आणि सुई टोचून घेऊ नका.

३. माशी कुठून पकडली त्यावर उत्तर अर्धं ठरतं

तंबूसारख्या जाळीचा मॅलेझ ट्रॅप, काळ्या गोळ्याचा मॅनिटोबा ट्रॅप, निळ्या काळ्या कापडाचा न्झी ट्रॅप, हे सगळे चालतात. कार्बन डायऑक्साइड किंवा ऑक्टेनॉल लावलंत तर माश्या जास्त येतात. पण विचार करा की काळा हलता गोळा किंवा श्वासासारखा वास बघून कोण येईल? जिला भूक लागलीय ती. म्हणजे अशा ट्रॅपमध्ये येते ती रक्त शोधणारी मादी. पोट भरलेली, अंडी अर्धी वाढलेली, सावलीत बसून पचवणारी मादी ह्या ट्रॅपकडे ढुंकूनही बघत नाही. नरही फारसे येत नाहीत.

त्यामुळे शंभर माश्या उघडून शंभरही जणींचे फॉलिकल लहानच दिसले तर ह्या भागात अंडी तयारच होत नाहीत असं लिहू नका, मधल्या टप्प्यावरच्या माश्या तुमच्याकडे आल्याच नाहीत इतकंच.

मधला टप्पा हवा असेल तर दोन रस्ते. पहिला, जनावराच्या अंगावर बसून पोटभर पिणारी मादी वरून नळी ठेवून पकडा, पोट ताणून लालसर काळं दिसेपर्यंत थांबा, लवकर हात घातलात तर अर्धपोटी मिळेल आणि तिच्याकडून अंडी पिकण्याची अपेक्षा ठेवता येणार नाही. मग तिला जाळीच्या डब्यात साखरपाण्याचा बोळा आणि थोडी ओल देऊन ठेवा आणि रोज ठरलेल्या वेळी काही माश्या उघडा. दुसरा रस्ता, पाण्याकाठी बसून राहा. चमकणाऱ्या पृष्ठभागावरून येणारा पोलराइज्ड प्रकाश ह्या माश्यांना पाण्याची खूण वाटतो, अंडी घालायला आलेल्या माद्या तिथेच मिळतात. संयम लागतो, संख्या कमी मिळते, पण माशी हवी तीच मिळते.

घरात पिढ्यान्‌पिढ्या पाळू असा बेत असेल तर आत्ताच सोडा. मीलन उडता उडता होतं, नर हवेत एका जागी घिरट्या घालत वाट बघतात, पिंजऱ्यात ते जमवणं भल्याभल्यांना जड गेलंय. पकडलेल्या माद्यांवरच काम करा, बहुतेक जणींचं मीलन आधीच झालेलं असतं.

४. मारणं आणि ओळखणं, ह्याच क्रमाने

फ्रीझरमध्ये दहा पंधरा मिनिटं. बस्स. अल्कोहोलच्या बाटलीत टाकू नका! मी पहिला सगळा लॉट अल्कोहोलमध्ये टाकला, फार नीटनेटका दिसत होता, पण अल्कोहोलने आतले अवयव कडक होतात आणि ओव्हरिओल ताणायला गेलं की पापडासारखा तुटतो. त्याच दिवशी उघडता येत नसेल तर बर्फावर ठेवा आणि दुसऱ्या दिवशी तरी बसाच. महिनाभर फ्रीझरमध्ये राहिलेल्या माशीत अंडं किती मोठं हे दिसेल, पण बारीक खुणा विश्वासाच्या राहत नाहीत.

उघडायच्या आधी जात ओळखा. डोळे मधे चिकटलेले असतील तर नर, बाजूला ठेवा. मादीच्या डोळ्यांमध्ये पट्टी असते. पंखावर ठसठशीत गडद पट्टा आणि लांब अँटेना असेल तर बहुधा क्रायसॉप्स, पंख राखाडी ठिपक्याठिपक्यांचे आणि बसताना पाठीवर कौलासारखे उतरते ठेवलेले असतील तर हिमॅटोपोटा, धिप्पाड आणि पंख बरेचसे स्वच्छ असतील तर टॅबॅनसकडे बघा. प्रजातीपर्यंत जायला तज्ज्ञ लागेल, म्हणून डोकं, पंख आणि छाती फेकू नका, पोटाला दिलेला नंबर त्यांनाही द्या. हे मी किती वेळा सांगू, पोट उघडून झाल्यावर ही कुठली होती ह्या प्रश्नाला उत्तर नसतं.

५. पोट उघडणं

स्लाइडवर सलाइनचा मोठा थेंब. माशी पाठीवर झोपवा, एका चिमटीने छाती धरा. पोट रिकामं दिसत असेल तर शेवटून दुसऱ्या तिसऱ्या वलयापाशी दोन्ही बाजूंना बारीक काप द्या आणि दुसऱ्या चिमटीने शेपटाकडचं टोक हळूहळू ओढा, खरंच हळू, दोरा सुईतून काढतो तसं. आतडं आणि त्याच्या दोन्ही बाजूंना अंडाशय सगळं एकत्र बाहेर येतं.

पोट रक्ताने किंवा अंड्यांनी भरलेलं असेल तर असं ओढू नका, आतडं फुटतं आणि थेंब लाल होऊन काहीच दिसत नाही. तेव्हा कात्रीने कुशीच्या मऊ पडद्यातून लांब काप घ्या, खालचं कवच झाकणासारखं उघडा, आणि अंडाशय जागेवरच सोडवा. तरी फुटलंच तर घाबरू नका, दोन ताजे थेंब बदलून धुवून घ्या.

ह्याच वेळी तीन गोष्टी पटकन बघून लिहा. आतड्यात काय आहे, रक्त की हिरवट पिवळं मेकोनियम म्हणजे कोषातला उरलेला मळ, कारण मेकोनियम असेल तर माशी नुकतीच कोषातून आलीय. चरबी भरपूर आहे की झडलेली. आणि तीन स्पर्मथिका, म्हणजे मादी शुक्राणू साठवते त्या जागा, लहानशा गडद टोप्या आणि त्यांना लांब नळ्या. एक टोपी कव्हरस्लिपखाली दाबून ४०० पटीवर बघा, मीलन झालेलं असेल तर केसांच्या गुंत्यासारखे शुक्राणू बाहेर येतात आणि माशी ताजी असेल तर वळवळतात. पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी खोलीतल्या सगळ्यांना बोलावून दाखवलं होतं.

६. फॉलिकलची स्टेज वाचणं

क्रिस्टोफर्सने १९११ मध्ये ॲनॉफिलीस डासांसाठी पाच टप्पे सांगितले, थोडेफार बदल करून तेच घोडमाशीलाही लावतात. माझ्या भाषेत असे:

पहिली स्टेज: फॉलिकल गोलसर, आत होणारं अंडं आणि पोषक पेशी सगळ्या सारख्याच दिसतात, बलकाचा कण नाही.

दुसरी: अंड्याच्या केंद्रकाभोवती बारीक चकचकीत कण दिसायला लागतात, पण ते निम्म्यापेक्षा कमी जागेत. रक्त न मिळालेली मादी ह्याच्या आसपास थांबलेली असते.

तिसरी: बलकाने निम्मी जागा ओलांडली, फॉलिकल लांबट व्हायला लागला, पोषक पेशी एका टोकाला ढकलल्या जातायत. इथे आलेली माशी रक्त पिऊन बसलीय असं समजायला हरकत नाही, अपवाद पुढे येतोय.

चौथी: जवळपास सगळा बलकच, अपारदर्शक, पोषक पेशी टोकाला चिमूटभर उरलेल्या.

पाचवी: पूर्ण अंडं, वर कवच, लांबट आणि किंचित वाकलेलं, जातीनुसार साधारण १ ते २.५ मिलिमीटर. पोट उघडताच तांदळाच्या कण्यांसारखी एकमेकांना टेकून उभी दिसतात आणि आतडं बिचारं कोपऱ्यात दबलेलं असतं.

इथले खड्डे सांगते. पोटातली पिकलेली अंडी पांढरीच असतात, काळी शोधत बसू नका, ती काळवंडतात घातल्यानंतर काही तासांनी. दुसरं, एकाच अंडाशयात चौथी आणि पहिली अशा दोन्ही स्टेज दिसल्या तर बहुतेक वेळा तुम्ही मागच्या रांगेतला फॉलिकल बघताय, पुढचा निसटलाय. तिसरं, पुढच्याच रांगेत काही फॉलिकल सुरकुतलेले, पिवळट, कडा अस्पष्ट असे असतील तर ते विरघळणारे, त्यांची स्टेज ठरवू नका, वेगळे मोजा. आणि एका फॉलिकलवर निकाल देऊ नका, निदान दहा बघा.

७. आधी अंडी घातलीत का? इथेच सगळे आपटतात

अंडी न घातलेलीला नलिपॅरस आणि घातलेलीला पॅरस म्हणतात, सगळे तेच शब्द वापरतात म्हणून मीही वापरते.

पहिली पद्धत श्वासनळ्यांची, डेटिनोव्हाच्या नावाने ओळखली जाते. एक अंडाशय डिस्टिल्ड वॉटरच्या थेंबात धुऊन स्लाइडवर तसाच वाळू द्या. वाळल्यावर हवा भरलेल्या सूक्ष्म श्वासनळ्या काळ्या रेषांसारख्या उठून दिसतात. टोकं लोकरीच्या छोट्या लडीसारखी गुंडाळलेली असतील तर नलिपॅरस. सगळं सुटून जाळीसारखं पसरलेलं असेल तर पॅरस, कारण एकदा अंडाशय फुगला की लडी उलगडतात आणि पुन्हा गुंडाळल्या जात नाहीत. पण फॉलिकल तिसऱ्या स्टेजला पोहोचला की लडी उलगडायला लागतेच, मग पहिलटकरीण असो वा नसो. म्हणून ही पद्धत फक्त दुसऱ्या स्टेजपर्यंतच्या माश्यांवर.

दुसरी पद्धत देठातल्या खुणेची. दुसरा अंडाशय सलाइनमध्ये ठेवा, वरचं आवरण सुईने फाडा, एक ओव्हरिओल वेगळा करून दोन सुयांनी अलगद ताणा. फॉलिकलच्या खालचा देठ सरळ, बारीक, स्वच्छ असेल तर नलिपॅरस. त्यात पिवळसर तपकिरी कण असलेली एखादी फुगीर गाठ असेल तर तिथून आधी काहीतरी खाली गेलंय. अंडं बाहेर पडल्यावर त्याच्या फॉलिकलचं रिकामं पोतडं मागे उरतं आणि आकसत आकसत ही गाठ बनते. अजून सैल पिशवीसारखं दिसत असेल तर अंडी नुकतीच घातलीत. न्यूट्रल रेडचा थेंब सोडला तर गाठ जास्त स्पष्ट होते. हात बसायला मला वीसेक माश्या लागल्या, तोवर निम्मे देठ तुटलेच.

गाठी मोजून ही दोनदा ब्यायली, ही तीनदा, असं सांगायचा मोह होतो. टाळा. विरघळलेला फॉलिकलसुद्धा मागे तशीच गाठ सोडतो, आणि घोडमाशी हप्त्याहप्त्याने जेवते म्हणजे विरघळणं नेहमीचं. पॅरस की नलिपॅरस एवढंच लिहा आणि तेही बऱ्याच ओव्हरिओलमध्ये गाठ दिसली तर. अंडाशयात एकदोन पिकलेली अंडी अडकून राहिलेली आणि बाकी फॉलिकल लहान असं दिसलं तर मात्र लॉटरी, ती नक्की पॅरस.

आता माझी साठ माश्यांची गोष्ट. पद्धत बरोबर होती, गाठी खऱ्या होत्या, तरी निष्कर्ष चुकला, कारण ती जात अंड्यांचा पहिला घड रक्ताशिवाय घालणारी होती. ह्याला ऑटोजेनी म्हणतात. अळी असताना साठवलेल्या चरबी आणि प्रोटीनवर मादी पहिली अंडी पिकवते, घालते, आणि मग आयुष्यात पहिल्यांदा रक्त शोधायला निघते. अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावरच्या खाऱ्या दलदलीतली टॅबॅनस नायग्रोविटॅटस ह्याचं नेहमी दिलं जाणारं उदाहरण, क्रायसॉप्समध्येही अशा जाती आहेत. अशा जातीच्या माश्या ट्रॅपमध्ये आल्या की जवळपास सगळ्या पॅरसच निघणार, त्या म्हाताऱ्या आहेत म्हणून नाही तर अंडी घातल्याशिवाय त्या ट्रॅपकडे येतच नाहीत म्हणून. मला मार्गदर्शन करणाऱ्या बाईंनी रिझल्ट बघून एकच प्रश्न विचारला, जात कुठली? मी डोकी आधीच फेकून दिली होती. मग ट्रॅपमधल्या नव्या माश्या आणून सगळं पहिल्यापासून.

ऑटोजेनीचा संशय असेल तर कोषातून घरात बाहेर आलेल्या माद्या घ्या, फक्त साखरपाणी द्या आणि आठवडाभर रोज काही उघडा. दुसऱ्या स्टेजवर अडल्या तर रक्त लागतंच. चौथी पाचवी दिसली तर सापडला तुमचा अपवाद.

८. आकडेमोड, आणि कशासाठी एवढा खटाटोप

पॅरस किती टक्के आणि एक फेरी किती दिवसांची हे माहीत असेल तर रोज जगायची शक्यता काढता येते, पॅरसच्या प्रमाणाचं तितकंवं मूळ. समजा १०० पैकी ४० पॅरस आणि फेरी ७ दिवसांची, तर ०.४ चं सातवं मूळ म्हणजे साधारण ०.८८, रोज १०० मधल्या ८८ दुसरा दिवस बघतात. हंगामाच्या सुरुवातीला नव्या माश्यांची लाट आलेली असताना हे करू नका, पॅरस खोटं कमी दिसतं. पूर्ण हंगामाची बेरीज घ्या. आणि ऑटोजेनस जातींना हे सूत्र असंच लावायचं नाही, हे वेगळं सांगायला नको.

उपयोग रोगानुसार बदलतो. आफ्रिकेत लोआ लोआ कृमी क्रायसॉप्स सायलेशिया आणि क्रायसॉप्स डिमिडिएटा पसरवतात, तो कृमी माशीच्या आत वाढून पुढे जाण्याजोगा व्हायला १० ते १२ दिवस लागतात, म्हणजे रक्त पिऊन, अंडी घालून पुन्हा रक्ताला आलेली माशीच धोक्याची, तिथे पॅरस नलिपॅरस हाच खरा आकडा. उंट घोड्यांच्या सरा रोगाचं उलट आहे, तो परजीवी माशीत वाढत नाही, तोंडाच्या सुरीवर ओलं रक्त लागून काही मिनिटांत दुसऱ्या जनावरात जातो, तिथे कोवळी माशीही तेवढीच वाईट आणि बघायचं ते अर्धवट जेवण सोडून किती जणी उडतात हे.

वहीत प्रत्येक माशीला एक ओळ द्या: नंबर, जात, तारीख, वेळ, कशाने पकडली, आतड्यात काय, चरबी, स्पर्मथिका, स्टेज, लडी, गाठ. कळलं नाही तिथे प्रश्नचिन्ह टाका, अंदाजाने पॅरस लिहू नका.

९. अंडी घालून घ्यायची असतील तर

पोट भरलेली मादी आठवडाभर जगवलीत तर अंडी पिकतात, पण घालायला तिला जागा पटावी लागते. ओल्या वाळूत उभ्या काड्या, ओला फिल्टर पेपर, पाण्यावर झुकलेलं पान, सगळं देऊन बघा. काही जणी हे सगळं सोडून डब्याच्या जाळीवर घालतात, काही घालतच नाहीत आणि अंडी पोटात घेऊन मरतात, त्यांना उघडून मोजा, ती माहितीही कामाचीच.

घातलेला घड बघण्यासारखा असतो. मादी एका जागी खिळून बसते, पोटाचं टोक इंचइंच सरकवत अंडी उभी रचत जाते, वर चकचकीत चिकट लेप. क्रायसॉप्सचा घड बहुतेक एकथरी, टॅबॅनसचा थरावर थर, जातीनुसार शंभर ते हजार अंडी. आधी दुधासारखा पांढरा, मग करडा, संध्याकाळपर्यंत काळा कुळकुळीत. बाहेरून पान तोडून आणलंत तर घडावर मुंगीपेक्षा लहान काळ्या गांधीलमाश्या चालताना दिसतील, टेलेनोमस, त्या घोडमाशीच्या अंड्यात स्वतःचं अंडं घालतात, तेव्हा आणलेल्या घडातून अळीऐवजी गांधीलमाशी निघाली तर दचकू नका.

पाचसात दिवसांत, गारठ्यात थोडं उशिरा, अळ्या जवळपास एकदमच फुटतात आणि खाली पडतात, म्हणून पानाखाली आधीच पाण्याची किंवा ओल्या मातीची बशी ठेवा. पहिले काही दिवस त्या काही खात नाहीत, शहाण्यासारख्या राहतात. तेवढ्यातच वेगवेगळ्या नळ्यांत घाला, एक नळी एक अळी. टॅबॅनस असेल आणि तुम्ही आळस केलात तर पुढच्या पंधरवड्यात बशीत मोजक्याच अळ्या उरतील, चांगल्या जाडजूड.